जुन्या ब्राउझरचं सोंग

बँकेने जाधवकाकूंना फसवलं, मी बँकेला फसवलं, आणि शिक्षा झाली ती काकूंना.

जयेंद्रगंजमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कोणी शिकवलं नाही. मशीन उघडून उघडून शिकलो. काकू एका कॉलेजच्या हॉस्टेलची मेस चालवायच्या. त्यांचं खातं असलेली छोटी बँक मोठ्या बँकेत विलीन होणार होती. म्हणून त्यांना नवा कॉम्प्युटर विकण्याआधी मी स्वतः बाड्याच्या चौकातल्या शाखेत जाऊन मॅनेजरला विचारलं, नंतरही ऑनलाइन व्यवहार चालतील ना?

"निश्चिंत रहो भाईसाहब, सब पहले जैसा चलेगा."

विलीनीकरणानंतर साइट उघडली. पांढरं पान, त्यावर एक ओळ: तुमचा ब्राउझर इथे चालत नाही. नेमकं त्याच संध्याकाळपर्यंत मेसच्या नव्या टेंडरचं डिपॉझिट ऑनलाइन भरायचं होतं.

ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण साइट बघतो तो प्रोग्राम. साइटच्या दारात तो आधी स्वतःचं नाव सांगतो. बँकेच्या दरवानाला एकच जुनं नाव माहीत होतं. तो ब्राउझर कंपनीनेच बंद केलेला. नव्या मशीनवर बसेना.

मॅनेजरला फोन लावला.

"पुराने कंप्यूटर पे कर लीजिए."

"कौन से? आपके म्यूजियम वाले पे?"

फोन कट.

काकू म्हणाल्या, "लढून झालं असेल तर काही करशील का रे?"

केलं. सेटिंग बदलून नव्या ब्राउझरला जुन्याचं नाव सांगायला लावलं. साइट उघडली. बटणं, रकाने, सगळं ठणठणीत. 'सबमिट' दाबलं आणि काकूंचं लॉगिन लॉक.

पुन्हा मॅनेजर. "आपने झूठी पहचान बताई. ये तो फ्रॉड हुआ. अब हेड ऑफिस से खुलेगा."

हेड ऑफिसने त्या दिवशी फोन उचलला नाही. टेंडर गेलं, मेस दुसऱ्याकडे गेली. मी काकूंना म्हटलं, कॉम्प्युटर परत घेतो. त्या म्हणाल्या, "घे. आता तसाही हिशेब कसला ठेवायचाय?"

काही महिन्यांनी तीच साइट नव्या ब्राउझरमध्ये उघडू लागली. पान तेच, रंग तेच, बटणंही तीच. फक्त दरवानाला नवी नावं सांगितली होती.

मी वायरसुद्धा घासाघीस केल्याशिवाय घेत नाही. बँकेचा शब्द मात्र छापील भावात घेतला. तुम्ही घेऊ नका.

पण पान चालत होतं, तर चालत नाही असं लिहिलं कोणी? पगार घेणारा कोणी माणूसच असेल ना? त्याने माधवगंजात काकूंच्या घरी येऊन उत्तर द्यावं. मी हजर राहीन.