एका दातापायी

माझी थोरली बहीण बसस्टँडवर अनाउन्सर होती. 'होती' लिहावं लागतंय याचाच मला संताप येतो, पण ते नंतर.

स्टँडवर जिन्याखाली एक कोंदट खोली आहे. तिच्या काचेतून चार फलाट दिसतात. बाकीचे दिसत नाहीत, म्हणून तिथे फोन. एका हातात फोनचा रिसीव्हर, दुसऱ्या हाताचं बोट माइकच्या बटणावर, असा ताईचा जन्म गेला. प्रत्येक घोषणा ती दोनदा करायची. पहिली भरभर आणि दुसरी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. कारण विचारलं तर म्हणायची, "पहिली पळणाऱ्यांसाठी, दुसरी म्हाताऱ्यांसाठी." कुणी तिला असं करायला सांगितलं नव्हतं, आणि कुणी कधी शाबासकीही दिली नव्हती.

त्या माइकचा दांडा सैल होता. बटण दाबलं की तो पुढे कलायचा. वरच्यांना सांगून सांगून ताईच्या तोंडाला फेस आला, शेवटी तिने स्वतःच तो सुतळीने बांधला. एका दुपारी एक गाडी भलत्याच फलाटावर लागली. इकडे माणसं सामान घेऊन एका बाजूला उभी, तिकडे गाडी दुसऱ्या बाजूला सुटायच्या बेतात. ताई घाईने पुढे वाकली, सुतळी सुटली, आणि माइकची लोखंडी जाळी थेट समोरच्या दातावर आदळली. तोंडात रक्त आलेलं असताना तिने घोषणा पुरी केली. दुसरी, सावकाशीचीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला आणि माइक दुरुस्त करून गेला. दाताची चौकशी करायला कुणी आलं नाही.

तो दात आधी पिवळा पडला, मग काळा. ताई फोटोत ओठ मिटून उभी राहू लागली. दोनेक वर्षं तिने तो तसाच रेटला, कारण रजा मागायची म्हणजे तिच्या जिवावर यायचं. मग एका सकाळी वरचा ओठ सुजून नाकाला टेकायला आला, तेव्हा भावोजींनी मला फोन केला. "तूच ने बाई तिला. माझं ऐकत नाही." भावोजी गरीब स्वभावाचे. ताई ओरडली की ते झाडांना पाणी घालायला जातात.

दातांची डॉक्टरीण तरुण होती, पण मन लावून बघणारी. दाताचा एक्स-रे काढला, तो दिव्यासमोर धरला. "मुळालाच चीर गेलीय. काढावा लागेल."

"काढा," ताई म्हणाली. "पण परवा मला ड्यूटी आहे."

"ड्यूटी कसली?"

ताईने सांगितलं. डॉक्टरीण हातमोजे घालता घालता थांबली. "म्हणजे स्टँडवरच्या त्या तुम्ही? अहो, मी कॉलेजला जाताना रोज तुम्हाला ऐकायची!" ताई सुजलेल्या ओठाने हसली. मला बरं वाटलं. निदान एकीने तरी ओळखलं.

दात निघाला तेव्हा कडकन आवाज आला आणि माझेच डोळे मिटले. ट्रेमध्ये पडलेला तो तुकडा केवढासा होता! ताईने तोंडात बोळा धरून हाताने विचारलं, आता पुढे काय?

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पहिला मार्ग इम्प्लांट. हाडात स्क्रू बसवायचा, तो हाडात रुजला की वर दात. सगळ्यात टिकाऊ, पण इथे पू झालेला, म्हणून जखम भरू द्यायची, मग स्क्रू, मग पुन्हा थांबायचं. सहा-आठ महिने धरा. दुसरा मार्ग ब्रिज. आजूबाजूचे दोन दात घासून बारीक करायचे आणि तिन्हींवर मिळून एक जोडटोपी बसवायची. काही आठवड्यांचं काम. "पण तुमचे शेजारचे दात ठणठणीत आहेत," त्या म्हणाल्या. "चांगले दात घासायचे म्हणजे माझ्या जिवावर येतं. आणि एकदा घासले की ते परत येत नाहीत." तिसरा मार्ग काढता-घालता येणारा दात. टाळूला चिकटणारी पट्टी, तिला एक दात. चार दिवसांत मिळेल. जखम भरेपर्यंत तो वापरायचा आणि मग ठरवायचं.

घरी सगळ्यांचं मत एकच: इम्प्लांट. भावोजी म्हणाले, "आयुष्यभर रजा घेतली नाहीस. आता घे." ताईने डेपो मॅनेजरला फोन केला, तर साहेबांच्या तोंडून नुसता मध! "निवांत घ्या बाई, हवी तेवढी घ्या. इकडची काळजी नको, आम्ही सोय केलीय." ताईला वाटलं, तिकीट खिडकीतली मुलगी बसवली असेल. "बिचारी दुसरी घोषणा विसरेल," एवढीच तिला चिंता.

मधल्या काळात ती पट्टीचा दात लावून घरात सराव करायची. स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "फलाट क्रमांक थहा... थहा... मेलं हे!" तिच्या तोंडात 'सहा' आणि 'सात' नीट येईनात. जिभेला सवय होईल असं डॉक्टरीण म्हणाली होती. ताईची जीभ तिच्याइतकीच हट्टी. भाची हसून हसून लोळायची, आणि खरं सांगते, मीही हसायचे.

त्याच आठवड्यात मला कामासाठी बाहेरगावी जायचं होतं. स्टँडवर पाय ठेवला आणि वरून ताईचा आवाज आला. स्वच्छ. 'सहा' नाही अडखळत, 'सात' नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जखम ओली असताना ही बया कामावर आली! भांडायच्या तयारीनेच मी जिन्याखालच्या खोलीकडे गेले. दाराला कुलूप. काचेतून आत पाहिलं तर रिकामी खुर्ची, आणि टेबलावर एक संगणक लुकलुकत होता. डोक्यावर ताई बोलत होती.

मग सगळं ध्यानात आलं. काही वर्षांपूर्वी साहेबांनी मशीनवाला माणूस आणला होता. ताईकडून सगळे आकडे, सगळी गावं, 'येत आहे', 'सुटत आहे', 'उशिराने धावत आहे' वाचून घेतलं होतं. "तुम्ही आजारी पडलात तर लोकांचं अडायला नको," असं म्हणाले होते. ताई घशाला ऊब म्हणून गरम पाण्याच्या गुळण्या करून गेली होती. घरी येऊन किती खुश! आपल्याच हाताने आपल्या गळ्याला दोरी बांधून आली होती, हे तिला काय ठाऊक?

मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, "अहो, तुम्ही चिडताय कशाला? त्यांचाच तर आवाज आहे! त्या येईपर्यंत फक्त."

घरी सांगितलं तेव्हा ताई रडली नाही, ओरडलीही नाही. मला तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "एकदाच बोलते का गं ती?"

"दोनदा. पण दोन्ही भरभर."

ताईने पट्टीचा दात काढून वाटीत ठेवला. "आठ महिने त्या खोलीला कुलूप राहिलं तर माझ्यासाठी कोण उघडणार? ब्रिज करायला सांग."

मी भांडले. भावोजीसुद्धा झाडांकडे न जाता बोलले. "चांगले दोन दात का घालवतेस?" ताई म्हणाली, "नोकरी आहे तोवर दातांना किंमत. नुसतं खायला पट्टी पुरते." डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, खात्री आहे ना? जखम भरली आणि त्यांनी दोन्ही दात घासले. ताई खुर्चीचे हात धरून छताकडे बघत होती. मशीनची घरघर ऐकताना मला साहेबांचं ते मधाळ 'निवांत घ्या' आठवत होतं. माणसाने खोटं बोलावं तर निदान शिव्या देऊन तरी बोलावं!

ब्रिज झकास बसला. ताई आरशासमोर उभी राहिली आणि फलाट सहा, फलाट सात, अशी खणखणीत घोषणा केली. दोनदा. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून कामावर गेली.

साहेब म्हणाले, "वा, छान दिसताय! आता असं आहे बाई, सिस्टीम बसलीय. वरून कौतुक झालंय. तुम्ही चौकशीच्या खिडकीत बसा. पगार तोच." वर पुन्हा तेच. "आवाज तुमचाच आहे की. तुम्हाला तर अभिमान वाटायला हवा."

"मग तो माझा मला परत द्या," ताई म्हणाली. साहेबांना तो विनोद वाटला.

एक दात त्यांच्या माइकने घेतला. दोन त्यांच्या शब्दावर विसंबून घासले. आणि बदल्यात काय, तर जाळीची खिडकी! मी म्हटलं तक्रार कर, युनियनकडे जा. ताई म्हणाली, जाईन. गेलीही. तिथे म्हणाले, पगार कमी झाला नाही ना, मग तक्रार कसली?

परवा तिला डबा द्यायला गेले होते. खिडकीपुढे एक आजोबा, हातात काठी, पायाशी पिशवी. वरून ताईचा आवाज भर्रकन गाडी सांगून गेला. आजोबांना काही कळलं नाही. त्यांनी खिडकीत विचारलं, ताईने सांगितलं, पण मागे एक गाडी गुरगुरत होती.

"जरा नीट बोला की हो!" आजोबा वैतागले. "ती वरची बाई बघा, कशी स्पष्ट बोलते. नुसती घाई करते, एवढंच. तिच्याकडून शिका जरा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताई मात्र खुर्चीतून उठली, जाळीला तोंड लावलं आणि पूर्ण आवाजात बोलली. गाडीचं नाव, फलाट क्रमांक सात, सुटायला पाच मिनिटं. मग पुन्हा तेच, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. बाकावरची माणसं बोलायची थांबली.

आजोबांनी मान वर करून स्पीकरकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "हां! आता कसं कळलं. बघितलंत? असं सांगायचं असतं," असं ताईला सुनावून त्यांनी पिशवी उचलली.

मी त्यांच्या मागे निघाले. आता या माणसाला सांगायचंच होतं, कोण बोललं ते. ताईने जाळीखालच्या फटीतून हात काढून माझी बाही धरली.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "त्यांची गाडी चुकेल."