राऊळांचं निवेदन

वर्तकनगरच्या विनीत राऊळांना एक गाणं सलग ऐकता येत नसे. कान उत्तम होते, प्रश्न तोंडाचा होता. गाण्याआधी ते प्रस्तावना करत, मध्ये खुलासे करत आणि शेवटी समारोप. एखाद्या अमेरिकन बाप्याने गिटारच्या तारेवर काचेची नळी सरकवत नुकतं कुठे रडायला घ्यावं, तोच राऊळ हात वर करून म्हणत, "आता बघा हं, इथे तो स्वर चोरतो." मग स्वर चोरला जाई तेव्हा सगळे राऊळांच्या तोंडाकडे बघत असत.

हे वेड मामाकडून आलेलं. वेंगुर्ल्याचा हा मामा मालवाहू बोटीवर होता. बाकीचे खलाशी घरी येताना साबण नि अत्तरं आणत, हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या बंदरांतून रेकॉर्डी आणायचा. घरच्यांनी नाकं मुरडली, भाच्याने त्या उराशी धरल्या. तिकडच्या गावाकडचं कंट्री, काळ्या मजुरांचं दुःखी ब्लूज, डोंगराळ भागातली फिडलची गाणी, चर्चमधली गाणी, सगळं. पुढे राऊळ एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चिकटले, तिथूनच निवृत्त झाले, आणि या सगळ्या काळात रेकॉर्डींचं कपाट फुगत गेलं. आमच्या ठाणे-डोंबिवलीकडे गाण्याचे दर्दी खंडीभर, पण ते नाट्यगीतांचे नि ख्यालाचे. राऊळांच्या घरी येणारा पाहुणा चहा संपेपर्यंत ऐके आणि मग त्याला अचानक बँकेचं काम आठवे.

हक्काचा श्रोता एकच, बायको. शुभदाताई शाळेत भूगोल शिकवायच्या. स्वभावाने शांत, बोलणं मोजकं. लग्न झाल्यापासून राऊळांनी त्यांना काय काय ऐकवलं त्याला गणती नाही. प्रत्येक गाण्यानंतर राऊळ त्यांच्याकडे बघत, आणि शुभदाताई म्हणत, "छान आहे." गोड गळ्याच्या बाईचं गाणं असो की तुरुंगातल्या कैद्याचं, "छान आहे." भाजीवाल्याला कोथिंबीर चांगली आहे म्हणावं तसं.

राऊळांना आयुष्यात फार काही नको होतं. बढती हुकली तेव्हाही ते हसले होते. पण एकदा, फक्त एकदा, गाणं चालू असताना या बाईच्या तोंडून आपसूक दाद निघावी, आपण न विचारता, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पुरी होत नव्हती आणि त्याचं त्यांना दुःख होतं. कुणाला सांगण्यासारखं ते दुःख नव्हतं.

आता प्रीतम भोईर. राऊळांच्याच कारखान्यात स्टोअरला होता, वयाने पुष्कळ लहान, राहायला डोंबिवली पश्चिमेला कोपरला. निवृत्तीच्या आदल्या वर्षी डब्याच्या सुट्टीत राऊळांनी त्याला मोबाईलवर एक ब्लूज ऐकवलं आणि हा पठ्ठ्या जेवायचा थांबला. राऊळांना शिष्य मिळाला. पण शिष्य कसा, तर नावं लक्षात न ठेवणारा. "सर, तो रडका परत लावा ना" किंवा "ती ट्रेनवाली बाई द्या ना" अशी त्याची मागणी. राऊळ कपाळावर हात मारत आणि लावत. त्याचा त्यांना लळा लागला होता.

थंडीतल्या एका रविवारी प्रीतमने दोघांना घरी बोलावलं. त्याने जुना रेकॉर्ड प्लेअर मिळवला होता, आणि राऊळांनी विश्वासाने दिलेली मामाची एक रेकॉर्ड त्याच्याकडे होतीच. घरात पाऊल टाकताच राऊळांच्या कपाळाला आठी पडली. प्लेअर जोडला होता त्याच्या भावाच्या स्पीकरला, जो एरवी हळदीच्या मांडवात वाजायचा. कोपऱ्यात प्रीतमची आई गंगुबाई सुपात ओल्या वालाच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. शुभदाताई नमस्कार करून सरळ तिच्याजवळ खाली बसल्या आणि शेंगा हातात घेतल्या.

राऊळ प्रस्तावनेसाठी घसा खाकरणार, तेवढ्यात प्रीतमने सुई ठेवलीसुद्धा. तो स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. राऊळांची प्रस्तावना घशातच राहिली. स्पीकर एवढा मोठा की मध्ये निवेदन करायची सोयच नव्हती.

मिसिसिपीकडचा कुणी म्हातारा एकट्याने गात होता. गिटार त्याच्यामागून रखडत चाललेली. गंगुबाईने शेंगेवरचा हात थांबवला.

"याचा कोन मेलाय गो?" तिने विचारलं.

"कुणी नाही मेलं," शुभदाताई म्हणाल्या. "बायको गेली सोडून. हा रोज तिचं पान वाढतो."

"मंग रडूं दे त्याला," गंगुबाई म्हणाली आणि परत शेंगा सोलू लागली.

पुढच्या कडव्यात म्हाताऱ्याचा आवाज वर चढता चढता मध्येच तुटला, आणि जिथे तो तुटला तिथून गिटारने तो उचलला. शुभदाताईंचे डोळे खाली होते, बोटांत वालाचा हिरवा दाणा होता. त्यांच्या तोंडून हळूच निघालं, "आई गं."

राऊळांनी ते ऐकलं. हळदीच्या स्पीकरच्या आवाजातूनही ऐकलं. ज्याची उभा जन्म वाट पाहिली ते त्यांच्या डोळ्यांसमोर झालं होतं, कोपरला, दुसऱ्याच्या घरात, नावं न कळणाऱ्या माणसाच्या प्लेअरवर. जेवायला बसल्यावर समोरची वालाची उसळ त्यांना गोड लागेना. प्रीतम आग्रह करत होता, "सर, घ्या ना अजून, आईनं तुमच्यासाठी मुद्दाम केलीय." त्या घटकेला त्यांना तो पोरगा अजिबात आवडला नाही.

परतीच्या वाटेवर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आवडलेलं दिसलं तुला?"

"छान होतं," शुभदाताई म्हणाल्या.

पुढचे दिवस राऊळांनी जे केलं ते त्यांच्या वयाला शोभणारं नव्हतं. प्रीतमचा फोन आला की ते आंघोळीला जात. त्याने पाठवलेल्या गाण्याखाली त्यांनी लिहिलं, "हे ब्लूज नव्हे. आधी समजून घ्या." त्याला ते नेहमी अरे-तुरे करत, हा 'घ्या' मुद्दाम होता. घरातले स्पीकर त्यांनी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीला नेले, शुभदाताईंची खुर्ची हलवली, बाजारातून वालाच्या शेंगासुद्धा आणल्या आणि गाणं लावून त्यांच्यापुढे सूप ठेवलं. शुभदाताईंनी शेंगा सोलल्या, बाकी काही नाही. शेवटी राऊळांनी प्रीतमला निरोप धाडला, मामाची रेकॉर्ड परत हवी आहे.

तो दुसऱ्याच दिवशी घेऊन आला. रेकॉर्ड जुन्या मऊ साडीत गुंडाळलेली होती. "आईनं बांधून दिली. माझं काय चुकलं का, सर?" त्याने दारातच विचारलं. राऊळ म्हणाले, "छे, छे," आणि त्याला चहाही विचारला नाही. शुभदाताईंनी ते स्वयंपाकघरातून पाहिलं.

संध्याकाळी राऊळांनी तीच रेकॉर्ड लावली. या खेपेला गप्प बसायचं त्यांनी ठरवलं होतं, पण आवाज चढू लागला तसं त्यांना राहवेना. "आता येतो हं तो," ते म्हणाले आणि शुभदाताईंच्या चेहऱ्याकडे टक लावून बघू लागले.

शुभदाताई उठल्या आणि त्यांनी सुई उचलली. त्या घरात राऊळांशिवाय कुणी त्या सुईला हात लावलेला नव्हता.

"त्या मुलाला तुम्ही दारातून घालवलंत," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडून एक शब्द निघाला म्हणून."

"तसं नाही..."

"तसंच आहे. ऐका आता. लग्न झाल्यावर तुम्ही मला एका बाईचं गाणं ऐकवलं होतंत. मला फार आवडलं. मी म्हटलंही तसं. आठवतं?"

राऊळांना आठवत नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी तुम्ही तिच्या होत्या नव्हत्या तेवढ्या कॅसेटी आणल्यात. येईल त्याला सांगायचात, शुभदाला हिचं वेड आहे. ते गाणं लावायचात आणि मला सगळ्यांसमोर विचारायचात, सांग, कुठली जागा आवडते. मला ते गाणं नकोसं झालं. तुमच्यासमोर एखादी गोष्ट आवडली म्हटली ना, की ती तुमची होते. माझ्याकडे काही उरत नाही. मग मी 'छान आहे' म्हणायला लागले."

राऊळांनी प्लेअरची फिरती तबकडी बंद केली. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तुला आवडत होतं? इतकी वर्षं?"

"सगळं नाही. पुष्कळ."

"कुठली?"

शुभदाताईंनी रेकॉर्ड उचलून परत साडीत गुंडाळली, आणि आपण काय विचारलं ते राऊळांना कळलं.

कोपरच्या त्या घराचा मत्सर निदान समजण्यासारखा होता. आता त्यांना स्वतःच्या घराचा मत्सर वाटू लागला. याच हॉलमध्ये, याच खुर्चीत, त्यांना हवी होती ती दाद कितीदा तरी उठली असणार, आणि ती त्यांच्यापासूनच लपवून ठेवली गेली होती. त्या भिंतींना ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. ही जळजळ कशाने शमणारी नव्हती. माफी मागावी तर तीही मोठ्या निवेदनासारखीच झाली असती, एवढं मात्र त्यांना उमगलं.

रविवारी त्यांनी प्रीतमला फोन केला. "वहिनी येताहेत तुझ्याकडे, रेकॉर्ड घेऊन. तुझ्याकडेच राहू दे ती. मी आज नाही येत."

"का, सर? बरं नाही का?"

"बरा आहे. तू लाव. तू चांगलं लावतोस." हे म्हणताना त्यांना फार त्रास झाला.

शुभदाताईंनी काही विचारलं नाही. साडीत गुंडाळलेली रेकॉर्ड पिशवीत घालून त्या गेल्या. राऊळांनी दुपार कशीतरी काढली. एक रेकॉर्ड लावली, बंद केली. आता तिकडे काय वाजत असेल, तिने काय म्हटलं असेल, म्हातारीने काय विचारलं असेल, याचाच विचार. दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला.

दिवेलागणीला शुभदाताई आल्या. चेहरा उजळलेला होता. राऊळांनी दार उघडलं, पिशवी घेतली आणि तोंडाशी आलेला प्रश्न गिळला. त्या स्वयंपाकघरात गेल्या, भांड्यांचा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने त्या गुणगुणू लागल्या.

राऊळ खुर्चीत ताठ झाले. चाल अमेरिकन होती, यात शंका नव्हती. कंट्रीचीच वळणं होती. पण हे गाणं त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. कुणाचं, कुठलं, कुठे मिळेल, काही माहीत नव्हतं. तो भोईर कुठून शोधून काढतो काय जाणे. नाव विचारण्यासाठी ते उठले. खुर्ची करकरली.

आतलं गुणगुणणं थांबलं. शुभदाताई वाट बघत होत्या, आता हे दारात येणार आणि विचारणार.

राऊळ परत खुर्चीत बसले आणि त्यांनी हाताने तोंड झाकून घेतलं. बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मग ते गाणं जिथे थांबलं होतं तिथून, आधी हळू आणि मग मोकळ्या आवाजात, पुन्हा सुरू झालं.