एकनाथरावांनी विकासला का मारलं

हैदराबादला काचीगुड्याच्या स्टेशनमागे राहणारे एकनाथराव बिरादार झाडं छाटायचं काम करत. आजोबा भालकीकडची शेती सोडून शहरात आलेले, वडील गोदामात हमाल, आणि एकनाथरावांच्या वाट्याला आल्या विजेच्या तारांत घुसलेल्या फांद्या. माणूस अंगानं आडवा आणि तोंडानं गरम. त्यांच्या टोळीत कुणी चुकलं तर आधी शिवी यायची, मग कारण कळायचं.

ठेकेदारानं त्यांना विद्यानगरला सुरक्षा प्रशिक्षणाला पाठवलं, ते टोळीत सर्टिफिकेटवाला एक तरी माणूस हवा अशी अट आली म्हणून. एकनाथराव कुरकुरतच गेले. पण तिथल्या शिकवणाऱ्यानं सांगितलेली एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली. तारेला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, आणि दुसऱ्यालाही लावू द्यायचा नाही. सांगून ऐकत नसेल तर त्याला पाडायचं.

टोळीत गौतम आणि विकास हे सख्खे भाऊ होते. गौतम थोरला, हसरा, हाताला घाई असलेला. विकास त्याच्या सावलीसारखा मागे. दोघांची आई पद्मावतीबाई एकनाथरावांच्याच गल्लीत राहायच्या.

त्या सकाळी नल्लकुंट्यात एका जुन्या पर्जन्यवृक्षाच्या फांद्या तोडायच्या होत्या. रस्त्याच्या दोन्ही कडांनी अकरा हजार व्होल्टच्या तारा जात होत्या. अलीकडची लाइन बंद केल्याचा निरोप आला, पलीकडची चालूच होती. एकनाथरावांनी सगळ्यांना ते बजावलं आणि खांबाला वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची साखळी जोडायला ते पुढे गेले. तेवढ्यात ठेकेदाराच्या सुपरवायझरनं मागे गौतमच्या हातात ॲल्युमिनियमची लांब काठी दिली. टोकाला करवत होती. रस्ता मोकळा करायचा आहे, ती पलीकडची फांदी लगेच काढ, असं तो म्हणाला. गौतमनं काठी उचलली.

आवाज फटाक्यासारखा आला. एकनाथरावांनी मागे वळून पाहिलं तेव्हा गौतम उभाच होता, पण ताठ, मान मागे गेलेली, दोन्ही मुठी काठीवर. त्याच्या चपलांखालून धूर निघत होता. तोंड उघडं होतं आणि त्यातून घोगरा, एकसारखा आवाज येत होता.

विकास धावला. एकनाथराव ओरडले, "हात लावू नको!" पण विकासला ऐकू येण्याची वेळ गेली होती. तो भावापासून चार हातांवर असताना एकनाथरावांनी त्याला बाजूनं धडक दिली. दोघे डांबरावर घसरले. विकास उठला, पुन्हा निघाला. एकनाथरावांनी त्याचा पाय ओढला, आणि तो उलटून लाथा मारायला लागला तेव्हा त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. दात तुटल्याचं त्यांना मुठीत जाणवलं. विकास तरीही उठत होता. त्यांनी त्याला पालथा पाडला, पाठीवर गुडघा रोवला आणि हात पिरगाळून धरला.

जमलेल्या लोकांना दिसलं ते एवढंच, की एक माणूस जळतोय आणि हा राक्षस त्याच्या भावाला मारतोय. एकानं हेल्मेट काढून एकनाथरावांच्या डोक्यात घातलं. दुसऱ्यानं लाथ मारली. कुणीतरी उसाचं दांडकं आणलं. भुवई फाटली, रक्त डोळ्यांत उतरलं. त्यांनी विकासला सोडलं नाही. "लाइन बंद करा, लाइन," एवढंच ते म्हणत राहिले. खाली विकास आईची शपथ घालत होता, शिव्या देत होता, मग नुसता भावाचं नाव घेत होता. जळक्या मांसाचा वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता.

अखेर लाइन बंद झाली तेव्हा गौतम जमिनीवर पडला. तो मेला होता.

गौतमचं दिवसकार्य उरकल्यावर एकनाथराव अफझलगंजला दोर घ्यायला गेले होते. विकास त्यांच्या मागोमाग आला. त्या ठोशानं मोडलेला जबडा अजून तारांनी बांधलेला होता. दुकानासमोर पडलेली सब्बल, लोखंडी पहार, त्यानं उचलली आणि एकनाथरावांच्या खांद्यावर घातली. हाड मोडलं. दुसरा घाव कोपरावर. तिसरा डोक्यावर आला असता, पण एकनाथरावांनी खालून त्याच्या पोटात डोकं घालून त्याला भिंतीवर आपटलं. दुकानदारांनी दोघांना वेगळं केलं तेव्हा दोघंही रक्तानं माखले होते.

एकनाथराव माफ करतील असं गल्लीला वाटलं होतं. त्यांनी तक्रार दिली. "मारलं म्हणजे मारलं," ते हॉस्पिटलमधून म्हणाले. विकास आत गेला.

मग एका दुपारी पद्मावतीबाई आल्या. पाणीही न घेता खाली बसल्या. एकनाथरावांनी मावशी म्हणून हाक मारली, ती त्यांनी न ऐकल्यासारखी केली.

"एक गेला," त्या म्हणाल्या. "दुसरा तू ठेवलास. ठेवलास तर मग कोंडून कशाला घातलास?"

 एकनाथरावांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता, बोटं सुजली होती. ते म्हणाले, की मी तडजोड करतो, पण प्रशिक्षण घेतल्याशिवाय तो तारेखाली उभा राहणार नाही, हे तुम्ही त्याच्याकडून कबूल करून घ्या. पद्मावतीबाईंनी होय म्हणून मान हलवली आणि उठल्या.

खांदा पुन्हा वर गेला नाही. झाडावर चढणं संपलं. विद्यानगरच्या लोकांनी त्यांना शिकवायला बोलावलं, तेही थोडं दयेनं. तिथे एका तुकडीत शेवटच्या बाकावर तडजोडीवर सुटलेला विकास होता. एकनाथरावांनी नेहमीचं सांगितलं. धातूची काठी नको, साखळी जोडल्याशिवाय काम नको, चिकटलेल्याला हात नको. विकास उभा राहिला. जबडा वाकडा जुळला होता, शब्द दातांतून सांडायचे.

"तुम्ही मला दाबून धरलं होतं तेव्हा," त्यानं विचारलं, "त्याला कळत होतं का?"

 नाही, तो लगेच गेला होता, असं म्हणणं सोपं होतं.

"मला माहीत नाही," एकनाथराव म्हणाले. "कळत असेलही. तरी मी तुला सोडलं नसतं."

विकासनं समोरची खुर्ची उचलून भिंतीवर फेकली. ती एकनाथरावांच्या कानाजवळून गेली. कुणी हललं नाही. तो बाहेर जाऊन अंगणात उभा राहिला, भिंतीवर डोकं आपटत राहिला, मग आत आला आणि बसला. एकनाथरावांनी पुढचा धडा सुरू केला.

विकास पास झाला. दुसऱ्या ठेकेदाराकडे लागला. तिथे कुणीतरी पुन्हा ॲल्युमिनियमची काठी काढली, तेव्हा त्यानं ती रस्त्याच्या दुभाजकावर आपटून वाकवली आणि देणाऱ्याला दोन थोबाडीत लगावल्या. नोकरी जाता जाता राहिली, कारण टोळीतल्या कुणीच त्या काठ्या परत हातात घेतल्या नाहीत. पंधरवड्यात वीज न वाहणाऱ्या फायबरच्या आल्या.

एकनाथरावांशी तो आजही बोलत नाही. गल्लीत समोरासमोर आले तर दोघंही थांबतात, अंग चोरून एकमेकांना वाट देतात आणि निघून जातात.