हँडब्रेक लावला होता की नव्हता

"फक्त कोड क्लिअर कर आणि गाडी दे. चार वाजता साहेब न्यायला येतायत," पाटणकर सर म्हणाले.

सर आमच्या वर्कशॉपचे मॅनेजर. वर्कशॉप खोपोलीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मी तिथे टेक्निशियन आहे, गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम माझ्याकडे. बारा वर्षं झाली. अजूनही नवीन गिऱ्हाईक मला बघून विचारतं, "मेकॅनिक कुठाय?"

समोर काळी, उंच, फोर-बाय-फोर गाडी उभी होती. मागचा बंपर फुटलेला. डॅशबोर्डवर पार्किंग ब्रेकच्या बिघाडाचा पिवळा दिवा.

कोड म्हणजे काय ते सांगते. गाडीत काही बिघडलं की तिचा कॉम्प्युटर त्याची नोंद ठेवतो. त्या नोंदीला नंबर असतो, तो कोड. स्कॅनर लावला की कोड वाचता येतो आणि पुसताही येतो. पुसला की दिवा जातो. बिघाड तिथेच राहतो. यातली दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही.

मी जॉब कार्ड बघितलं. गाडी निमकर साहेबांची. राहायला मुंबईत, फार्महाऊस कर्जतकडे. शनिवार-रविवार ते ऑफ-रोडिंग करतात. म्हणजे रस्ता असताना रस्ता सोडून गाडी चालवतात. आमच्याकडे डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं रस्ता मिळावा म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करतात. ही मंडळी रस्ता कुठे नाही ते शोधायला डिझेल जाळत येतात.

कार्डावर त्यांच्या दोन तक्रारी होत्या. पहिली, पार्किंग ब्रेकचा दिवा वॉरंटीत घालवून द्यावा. दुसरी, ड्रायव्हरने हँडब्रेक न लावल्यामुळे गाडी मागे घरंगळून झाडावर आदळली, तसा वर्कशॉपने लेखी शेरा द्यावा.

दुसरी तक्रार वाचून मी बाहेर आले. बाकावर ड्रायव्हर बसला होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस, शर्टाची कॉलर नीट इस्त्री केलेली. पोशीरचे रघुनाथकाका. गाडी त्यांनीच आणली होती, आणि स्वतःविरुद्धचा शेरा घेऊन त्यांनाच परत जायचं होतं.

"काका, ब्रेक लावला होता?"

"बटन ओढलं व्हतं, ताई. साहेब मागं बसलेले, फोनवर. फार्महाऊसचं गेट चढावर हाय, मी ते उघडाय उतरलो. एसी बंद नाय करायचा हा त्यांचा नियम हाय, म्हनून इंजिन चालू, गाडी न्यूट्रल. गेटला हात लावला आन् मागं धाडकन आवाज झाला."

"बटण ओढल्यावर लाल दिवा लागला?"

"लागला, पन लुकलुकत व्हता. सोमवारपास्नं तसाच. साहेबांना सांगितलं मी. ते म्हनले, चिखलानं सेन्सर बावचळलाय, सुकला की जाईल. तू गाडी चालव, इंजिनिअरिंग करू नको."

मग त्यांनी मला मोबाइल दाखवला. फार्महाऊसवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर साहेबांनी काकांचा फोटो टाकला होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, की हा माणूस निष्काळजी आहे, कोणी कामाला ठेवू नये. शेजारच्या बंगल्यावरच्या माळ्याने तो त्यांना पाठवला होता.

"उद्यापास्नं येऊ नको म्हनलेत. तीस वर्सं गाडी चालवतोय," काका म्हणाले. "एवढंच येतं मला."

मी आत आले आणि स्कॅनर लावला.

पूर्वी हँडब्रेक म्हणजे दोन सीटांमधला दांडा. तो ओढला की केबल ताणायची आणि मागची चाकं धरली जायची. दांडा किती वर आला ते हाताला कळायचं. आता तिथे बोटाएवढं बटण असतं. बटण ओढलं की मागच्या प्रत्येक चाकाजवळची छोटी मोटर फिरते. ती कॅलिपरमधल्या, म्हणजे डिस्कवर बसणाऱ्या पकडीतल्या, पिस्टनला ढकलते आणि ब्रेक पॅड चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेतात. चिमटा पक्का बसला की लाल दिवा स्थिर होतो. लुकलुकला तर समजायचं, की मोटरने काम पुरं केलेलं नाही. हे सगळं गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत होतं. पिशवी फोडलेली नव्हती.

स्क्रीनवर कोड आला. मागच्या डाव्या मोटरचा. कोडबरोबर गाडी त्या क्षणाची सगळी माहितीही साठवून ठेवते. त्याला आम्ही फ्रीझ फ्रेम म्हणतो. बिघाड झाला तेव्हाचा फोटोच समजा. त्यात लिहिलं होतं: इंजिन चालू, वेग शून्य, न्यूट्रल, पार्किंग ब्रेकचं बटण ओढलेलं. डावी मोटर, काम अपूर्ण. वेळही होती. कार्डावर लिहिलेल्या अपघाताच्या वेळेच्या मिनिटभर आधीची.

माझं बोट 'क्लिअर'च्या बटणाजवळ होतं. सकाळी सरांचं ऐकलं असतं तर हा फोटो एका सेकंदात गेला असता आणि काकांची तीस वर्षंही त्याच्याबरोबर. मी आधी प्रिंट काढली. एक नाही, तीन.

मग गाडी लिफ्टवर घेतली आणि मागची चाकं काढली. आत चिखल असेल हे धरून चालले होते. पण तो चिखल नव्हता, वीट होती. कॅलिपर ज्या पिनांवर पुढेमागे सरकतो त्या सुकलेल्या मातीने जाम झाल्या होत्या. उजवीकडचा पॅड एकाच बाजूने घासत होता, म्हणजे तिथेही चिमटा पुरा बसत नव्हता. डाव्या मोटरचा कनेक्टर उघडला तर त्यातून गढूळ पाणी टपकलं. आणि कॅलिपरच्या मागच्या खाचेत, भाताच्या काडीला धरून, एक मेलेला खेकडा.

एवढ्यात सर आले.

"सुवर्णा, अजून चाकं खालीच? मी काय सांगितलं होतं?"

"सर, कोड पुसला तर दिवा जाईल. ब्रेक धरणार नाही. पुढच्या वेळी मागे झाड नसेल, माणूस असेल."

"त्यांच्या ऑफ-रोडिंगच्या क्लबमधल्या पंधरा गाड्या आपल्याकडे येतात."

"मग पंधराही धुवायला लागतील."

सर खेकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शेरा तरी जरा सौम्य लिही."

साहेब चारच्या आधीच आले, दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतून. डोक्यावर क्लबची टोपी. मी लिफ्टजवळ उभी होते, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी माझ्यावरून नजर फिरवून सरांना विचारलं, "झालं का?"

"साहेब, ह्या आमच्या सीनियर टेक्निशियन," सर म्हणाले. धोका दिसला की सर मला बढती देतात.

मी सांगितलं, "मागच्या ब्रेकमध्ये पाणी आणि चिखल गेलाय. वॉरंटीत बसणार नाही."

"चिखल? गाडी डांबरी रस्ता सोडून कुठेही गेलेली नाही."

मी ट्रेमधला खेकडा पुढे केला. त्यांनी तो वाकून बघितला.

"हा पार्किंगमध्येही चढू शकतो."

"भाताची काडी घेऊन?"

त्यांनी ट्रे बाजूला सारला. खरं तर खेकड्याची गरज नव्हती. कशेळ्याच्या पुढे नदीत बोनेटपर्यंत बुडवलेल्या ह्याच गाडीचा व्हिडिओ त्यांनी रविवारी क्लबच्या पेजवर स्वतः टाकला होता. खाली पाटणकर सरांनी लाल बदाम दिला होता. सर त्या वेळी छताचा पंखा न्याहाळत होते.

"बरं, ब्रेकचं बघू नंतर," साहेब म्हणाले. "ड्रायव्हरचा शेरा द्या. त्याने ब्रेक लावला नाही हा मुद्दा वेगळाच आहे."

"साहेब, ब्रेक चांगला असेल तर मी दिवा कशाचा घालवू? आणि ब्रेक खराब असेल तर ड्रायव्हरचं काय चुकलं? दोन्ही तक्रारी एका कार्डावर बसत नाहीत."

"तुम्ही त्याची बाजू घेताय."

"मी नाही. तुमची गाडी घेतेय."

मी प्रिंट त्यांच्या हातात दिली आणि रघुनाथकाकांना आत बोलावलं. मग एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. वेग शून्य. न्यूट्रल. बटण ओढलेलं. डाव्या मोटरचं काम अपूर्ण. त्याखाली त्याच कोडची सगळ्यात पहिली नोंद होती, सोमवार सकाळची. दिवा लुकलुकतोय असं काकांनी साहेबांना सांगितलं, तो सोमवार.

काका कागदाकडे बघत होते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, पण बोट बरोबर बटणाच्या ओळीवर ठेवून त्यांनी विचारलं, "ही मी बटन ओढलेलं?"

"हो."

साहेबांनी टोपी काढली, परत घातली. "ठीक आहे, गैरसमज झाला. रघुनाथ, उद्यापासून ये. विषय संपला."

"संपला नाय, साहेब," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. "फोटो जिथं टाकला, तिथंच ह्यो कागदबी टाका. माझ्यासमोर."

मला वाटलं, आता साहेब उसळतील. पण आजूबाजूला एव्हाना सात-आठ गिऱ्हाइकं जमली होती, आणि त्यातले दोघं त्याच फार्महाऊसवाल्यांच्या ग्रुपवरचे निघाले. साहेबांनी कागदाचा फोटो काढला. खाली लिहिलं, तांत्रिक बिघाड होता, ड्रायव्हरची चूक नव्हती. माफीचा शब्द नव्हता. काकांनी तो मेसेज मला वाचायला लावला, मान हलवली, खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढून काउंटरवर ठेवली आणि निघून गेले. आता ते साजगावच्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवतात.

गाडी दुसऱ्या दिवशी झाली. पिना साफ करून ग्रीस भरलं. डावी मोटर आणि कनेक्टर बदलला. पॅड काढण्याआधी स्कॅनरने ब्रेक सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो, म्हणजे मोटर पिस्टनला मागे ओढून घेते. स्क्रू ड्रायव्हरने रेटलं की मोटर मोडते. शेवटी वर्कशॉपमागच्या चढावर नेऊन ब्रेक लावला आणि दहा मिनिटं उभी केली. हलली नाही. शेरा मी लिहिला तसाच राहिला. सरांनी त्यावर सही केली, पण अक्षर जरा लहान काढलं.

तेव्हापासून ऑफ-रोडवाले विचारतात, काय काळजी घ्यायची? मी सांगते: आल्याबरोबर, चिखल ओला असतानाच, मागची चाकं काढून आतले ब्रेक साध्या पाण्याने धुऊन घ्या. प्रेशरचा फवारा कनेक्टरवर मारू नका. सुकल्यावर बटण चार-पाच वेळा ओढून सोडून बघा. लाल दिवा लुकलुकला तर चढावर गाडी लावू नका. आणि दिवा लुकलुकतोय असं ड्रायव्हरने सांगितलं, तर पगार आपण देतो म्हणून अक्कलही आपल्याकडेच जास्त आहे असं समजू नका. हे शेवटचं कोणी लिहून घेत नाही.