यादीबाहेरच्या पोळ्या

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली आणि त्या आनंदात मी ट्रॉयमधल्या आमच्या घरासमोरच्या बर्फात जवळजवळ नाचलेच. मुलगा दारातून ओरडला, "आई, पडशील!" मी म्हटलं, "पडू दे. पगारी बाई आहे मी आता!"

ही २००६ सालची गोष्ट. यजमान गेल्यावर मुलानं मला अमेरिकेला बोलावून घेतलं, ग्रीन कार्ड झालं, नातू शाळेत जायला लागला आणि दिवसभर मी घरात एकटी उरले. साताऱ्यात असताना कधी नोकरी केली नव्हती. सासू-सासरे, दोन मुलं, येणारे-जाणारे यातच वर्षं गेली. त्यामुळे दोन रस्ते पलीकडच्या मराठी जोडप्याला नऊ महिन्यांची मुलगी सांभाळायला कुणीतरी हवंय, असं सूनबाई सांगायला लागली, तेव्हा मी तिला वाक्यही पुरं करू दिलं नाही. "मी जाणार," म्हणून मोकळी झाले.

दोघंही आयटीतली. तो पुण्याचा, ती नागपूरची. तिची रजा संपली होती आणि सोमवारपासून तिला ऑफिस गाठायचं होतं. पहिल्या दिवशी दारातच तिनं मला वाकून नमस्कार केला, मावशी म्हणाली आणि मग ओशाळून माझ्या हातात एक टाइप केलेला कागद ठेवला. छोटीचं खाणं, अंघोळ, झोप. छोटीचे कपडे, छोटीच्या बाटल्या, छोटीची खेळणी. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं, बाकी कुठलंही घरकाम नाही.

सूनबाईनंही मला बजावून पाठवलं होतं. "आई, लिहिलंय तेवढंच करायचं हं. इथे नॅनीकडून मुलापुरतंच काम एक्स्पेक्ट करतात. आणि मावशी-मावशी म्हणणाऱ्यांकडे तर जास्तच सांभाळून राहायचं."

मला मात्र त्या यादीचा रागच आला. एवढंसं काम? मी काय म्हातारी झाले? सिंकमध्ये छोटीची बाटली आणि तिला चिकटून तिच्या आईचा चहाचा कप. बाटली धुवायची आणि कप तसाच ठेवायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मी कप धुतला. कपाशेजारची कढई धुतली. मग ओटा पुसला. छोटी झोपली होती, कणीक समोर होती, म्हणून चार पोळ्याही लाटल्या.

संध्याकाळी ती घरी आली, डबा उघडला आणि तिचे डोळेच भरून आले. "मावशी, घरी येऊन गरम पोळी मला किती महिन्यांत मिळाली नाही माहितीये?" तो तर उभ्या-उभ्या दोन पोळ्या नुसत्या तुपाबरोबर खाऊन मोकळा झाला. "मावशी, यू आर द बेस्ट यार!" म्हणाला आणि मग आपण मावशीला यार म्हणालो म्हणून जीभ चावली.

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार कष्ट पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी आठ पोळ्या केल्या, तिसऱ्या दिवशी भाजीही. महिन्याभरात त्यांचे कपडे ड्रायरमधून काढून घड्या घालायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. पण मग सांगायला लागले. आधी, "मावशी, वेळ मिळाला तर." पुढे नुसतंच, "मावशी, आज मेथी आणलीय हं." बोलण्यात गोडवा तोच होता, त्यामुळे नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. पण खरं सांगायचं तर मी खूशच होते. घरी जाताना वाटायचं, माझ्यावाचून या घराचं पान हलत नाही! सूनबाईला मी यातलं अक्षरही सांगितलं नाही.

होळीच्या सुमारास त्यांच्याकडे शनिवारी वीस माणसं जेवायला येणार होती. गुरुवारी ती म्हणाली, "मावशी, पुरणपोळ्या तुम्हीच करा ना. इथे कुणाला जमतात तुमच्यासारख्या?" झालं! मी पुन्हा झाडावर.

शुक्रवारी सकाळी छोटी झोपली तेव्हा पुरण शिजवलं, वाटलं, कणीक तिंबली. मधेच ड्रायर थांबला, म्हणून कपड्यांच्या घड्या घातल्या आणि दोन्ही हातांत ढीग घेऊन वर ठेवून आले. जिन्याच्या तोंडाशी छोटीसाठी एक बुटकं फाटक लावलेलं होतं. चढताना ते कोपरानं उघडलं. छोटी रोजच्यापेक्षा लवकर उठली. तिला स्वयंपाकघराच्या दाराशी खेळणी मांडून दिली आणि मी लाटायला घेतलं. काय पोळ्या होत होत्या त्या दिवशी! टम्म फुगत होत्या, एकही फुटत नव्हती. मी गुणगुणत होते. तव्यावर सातवी पोळी टाकली आणि लक्षात आलं की मागून बराच वेळ आवाज नाही.

वळून पाहिलं तर खेळणी होती, छोटी नव्हती.

जिन्याकडे धावले. फाटक सताड उघडं. सातव्या पायरीवर, कठड्याचा गज धरून, छोटी उभी होती. मला बघून तिला इतका आनंद झाला की तिनं दोन्ही हात माझ्याकडे पसरले. म्हणजे गज सोडला.

मी त्या सहा पायऱ्या कशा चढले ते मला आजही सांगता येणार नाही. गुडघे दुखतात म्हणून मी एरवी एकेक पायरी थांबून चढते. ती पुढे झुकली तेव्हा माझ्या छातीवरच पडली. तिला वाटलं खेळ चाललाय. खिदळायला लागली. खाली पोळी जळाली, धुराचा अलार्म किंचाळायला लागला, मग ती घाबरून रडली आणि तिच्याबरोबर मीही. कशीबशी खाली येऊन शेगडी बंद केली. तिला ओरखडासुद्धा आला नव्हता.

दुपारभर तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही. सांगायचं की नाही? काही झालंच नाही, कुणाला कळणार आहे? सांगितलं तर नोकरी जाणार. माझी नोकरी! सकाळी बूट चढवून ऐटीत निघायचं, त्या कोवळ्या जिवानं मला बघून हात नाचवायचे, ते सगळं संपणार. आणि नाही सांगितलं तर सोमवारी पुन्हा मेथी असेल, पुन्हा कपडे असतील आणि छोटी पुन्हा माझ्या पाठीमागे असेल. तसं मात्र चालणार नव्हतं.

दोघं आल्यावर उभ्यानंच सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. छोटीला माझ्याकडून घेतलं आणि तिचा आवाज चढला. "मावशी, पण फाटक उघडं राहिलंच कसं? बाकी काही नाही झालं तरी चालेल, तेवढं तरी—"

माझंही डोकं फिरलं. "माझ्या दोन्ही हातांत तुझ्या नवऱ्याच्या पँटी होत्या!"

तो खाली जमिनीकडे बघत होता.

मी म्हटलं, "चूक माझी आहे. पहिल्या दिवशी मीच आपणहून कप उचलला. पण आता नाही. छोटी जागी असताना माझे हात फक्त तिचे. ती झोपली की तिचे कपडे, तिच्या बाटल्या, तिचा भात. तुमचा एखादा कप असला तर धुईन, माझ्यानं राहवणार नाही. पण पोळ्या नाहीत, तुमचे कपडे नाहीत, पाहुणे नाहीत. पटत नसेल तर दुसरी बघा."

एवढं लांबलचक मी जन्मात कुणाला सुनावलं नव्हतं, सासूला तर नाहीच.

ती खुर्चीत बसली. म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला आवडतं ते सगळं."

"आवडतं गं. तीच तर अडचण आहे."

ती रडता रडता हसली. मी कोट घालून दारापर्यंत गेले. मी कडी काढली तेव्हा मागून आवाज आला, "मावशी, सोमवारी याल ना?"

मी घरापर्यंत चिखल झालेल्या बर्फातून पळत गेले. चोपन्नाव्या वर्षी! सूनबाईला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं आणि तिची बोलणीही खाल्ली. शनिवारी पाहुण्यांनी उरलेलं पुरण वाटीत घेऊन तुपाबरोबर चमच्यानं खाल्लं म्हणे.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, एका बुधवारी अकराच्या सुमाराला, मी गालिच्यावर पाय पसरून बसले होते. हातात काही नव्हतं. छोटी सोफ्याला धरून उभी होती. तिनं सोफा सोडला, माझ्याकडे बघितलं आणि निघाली. एक, दोन, तीन, चार पावलं, आणि धप्पकन माझ्या हातांत! मी अशी ओरडले की ती दचकली. तिला उचलून घरभर नाचले. तिच्या आईला ऑफिसात फोन लावायला म्हणून आकडे दाबले, आणि शेवटचा आकडा राहिला असताना फोन खाली ठेवला.

ती संध्याकाळी आली. मी म्हटलं, छोटी छान जेवली, दीड तास झोपली.

रविवारी सकाळी आमच्याकडे फोन वाजला. "मावशी! चालली! आत्ता! सोफ्यापासून माझ्यापर्यंत आली!"

"काय सांगतेस!" मी एवढ्यानं ओरडले की मुलगा दाढीचा साबण तोंडावर घेऊन बाहेर आला. "किती पावलं टाकली?"

"तीन, मावशी! तीन!"

"अगं बाई!" मी म्हणाले. "पहिल्याच वेळी तीन!"