सळईचे दोन पाय

"हे पाप कुणी केलं?" खुर्ची उलटी करत मी ओरडले.

खुर्ची धाकटी डहाणू गावच्या जमनाबाईंची. चिखले गावातला एक जुना बंगला पाडला तेव्हा त्यांना मिळालेली. एकच स्टीलचा पाइप वाकवून केलेली, मागे पायच नाहीत. बसलं की जरा झुलते. हिला कॅन्टिलिव्हर म्हणतात. सगळा भार पुढच्या खालच्या वाकणावर. पण हिच्या मागे कुणीतरी सळईचे दोन पाय वेल्ड केले होते.

तलासरीच्या वर्कशॉपमध्ये मी जुनं पाइप फर्निचर दुरुस्त करते. ते भंगारात जाऊ नये म्हणून पत्रकंही वाटते. माझ्या पत्रकांत उद्गारचिन्हं फार. त्या दिवशी ती डोक्यातही होती. ग्राइंडर घेतला, दोन्ही पाय उडवले.

दुपारी जमनाबाईंचा मुलगा रमेश आला. बोटीवर असतो.

"ताई, पाय कुठायत?"

"कापले. कुणा अडाण्याने डिझाइनची वाट लावली होती."

"मीच तो अडाणी."

मी ऐटीत बसायला गेले, तर त्याने हात आडवा घातला. "पडाल. आधी ते वाकण ठोका."

पान्याने ठोकलं. बाकी पाइप टणटण वाजला, वाकणाशी नुसतं ठप्प. खारी हवा पोकळ पाइपात शिरते, गंज आतून खातो, वर क्रोम चकचकीत. हे मला माहीत असायला हवं होतं. रमेशने भार मागच्या पायांवर घेतला होता. मी आधारच कापला होता.

"न तपासता ग्राइंडर उचलायचा नाय, पहिल्या दिवशी सांगितलेलं ना?" आमचे मालक किशोरभाई तडकले. मग रमेशला म्हणाले, "आईला प्लास्टिकची देऊ?"

"तिच्यातून तिला उठता येत नाय, शेठ. गुडघे गेलेत. ही झुलायची तेव्हा आई पुढे वाकायची, खुर्चीच तिला उचलायची. मी पाय लावले नि झुलणं गेलं. आता सुनेला हाक मारते. सून बाजारात गेली की बोंबील राखत उन्हात अडकून पडते. म्हणून तर खुर्ची इथं धाडली."



दोन्ही बाजूंची गंजलेली वाकणं मी कापून काढली. तेवढ्याच जाडीचा पाइप वाकवून जोडला, सांध्यांच्या आत दुसरा पाइप सरकवून. तळाला बारीक भोक, पाणी निथळायला. मग आधी सिमेंटची गोणी बसली, नंतर किशोरभाई, शेवटी मी.

धाकटी डहाणूत जमनाबाई बसल्या. पुढे वाकल्या, उठल्या. परत बसल्या, परत उठल्या.

"सुनेला सांग, निवांत ये म्हणावं," त्या म्हणाल्या. "आणि त्या सळया दे टाकून."

"ठेवतो गो," रमेश म्हणाला. "ताईंचा काय भरवसा?"

पत्रक मी नव्याने छापलं. उद्गारचिन्हं तशीच आहेत. पहिली ओळ तेवढी बदलली: कापण्याआधी, ज्याने जोडलं त्याला विचारा!