पापुद्र्याखालच्या चान्या

मिलिंद, सुजाता, तुम्ही ह्यूस्टनहून पाठवलेला फोटो मी चष्मा पुसून नीट पाहिला. निखाऱ्यांवर भाजलेलं मांस, त्याचे धागे केलेले आणि ते पावाच्या दोन भागांत भरलेलं. खाली तुमचा प्रश्न होता, 'आजी, तुमच्याकडे असं काही मिळतं का?' मी 'नाही' असं उत्तर पाठवलं. ते खोटं होतं. ते दुरुस्त करायला मी गेल्या आठवड्यात वडवणीला जाऊन आले.

बीडहून सकाळची बस धरली. पिशवीत पाण्याची बाटली, औषधांची डबी, दोन रुमाल आणि स्टीलचा चमचा. खिडकीबाहेर कापूस फुटलेला होता आणि तुरीला पिवळी फुलं आली होती. शेजारच्या बाईंनी मेथीचं गाठोडं मांडीवर घेतलं होतं.

"बाजाराला का?" त्यांनी विचारलं.

"नाही, जेवायला."

"बीडात जेवण मिळत न्हाई व्हय?"

मी हसले. काय खायला चालले आहे, ते सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "मटण चांगलं मिळतं म्हणतात." एवढ्या वयात, इतकी वर्षं वर्गासमोर उभं राहून इंग्रजी शिकवल्यावरही मला त्या पदार्थाचं नाव घेता आलं नाही.

वडवणीत आठवडी बाजार भरला होता. पालं, मिरच्यांचे ढीग, गाढवाएवढ्या उंचीच्या शेळ्या. तिथे एकदा खाऊन चव ओळखलेल्या माझ्या बहिणीने सांगितलेली खूण बरोबर निघाली: स्टँडच्या मागे पत्र्याचं शेड आणि बाहेर बाभळीच्या निखाऱ्यांची शेगडी. वर नवी कोरी पाटी होती, निळ्या अक्षरांत: 'चान्या-भाकरी'.

मी पाटीखाली थांबले. चान्या म्हणजे मीठ-हळद लावून, दोरीवर टाकून उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. आमच्या वस्तीत घराघरांत असायच्या. वस्तीबाहेर मात्र हे नाव घेतलं की समोरच्याला आपली जात कळायची आणि मग पाण्याचा तांब्या लांबून यायचा. बौद्ध झाल्यावर आमच्या घरातली पोरं शिकली, नोकऱ्यांना लागली, आणि चान्या मागे पडल्या. तुमच्या आईला मी त्या कधी दाखवल्याही नाहीत.

शेगडीवर शोभाबाई होत्या, चाळिशीच्या, डोक्याला रुमाल बांधलेला. शेडमध्ये तीन बाकडी होती आणि तिन्ही रिकामी.

"बसा मावशी. आज निवांत हाय," त्या म्हणाल्या. "दर बाजाराला उभं राह्यला जागा नसती. पाटी बदलली ना कालच. आधी 'सुकं मटण रोल' लिहिलं व्हतं. आमचे मालक म्हनले, कावून बदलतीस, गिऱ्हाईक जाईल."

"मग का बदललीत?"

"चार वरसं लोक बोटं चाटून खातेत. हाताला माझ्या नाव, अन् पदार्थाला उसनं नाव. मला ते पटंना."

तेवढ्यात मोटरसायकलवरून दोघं आले, पाटी वाचली, एकमेकांकडे पाहिलं आणि निघून गेले. शोभाबाई निखारे हलवत राहिल्या. "रोजचे हायेत," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी बोकडाच्या चान्या निखाऱ्यांवर टाकल्या. कडा काळ्या होईपर्यंत भाजल्या, मग दगडावर लसूण आणि लाल मिरचीबरोबर ठेचून त्यांचे धागे केले. ज्वारीची भाकरी टम्म फुगली होती. तिचा पापुद्रा (भाकरीचा वरचा पातळ पदर) एका बाजूने उचलून आत चान्या आणि कच्चा कांदा भरला. मी व्यवस्थितपणे चमचा काढून पापुद्रा वरून फोडला आणि अर्धं सारण लुगड्यावर सांडलं.

"चमच्यानं न्हाई मावशी. हातात धरा, दाबून. पयल्यांदाच खाताय व्हय?"

दारात एक म्हातारे शेतकरी येऊन उभे होते. पांढरा फेटा, हातात बैलाची नवी वेसण. तेही पाटी वाचत होते. शोभाबाईंचा हात शेगडीवर थांबला. मला कळलं की आता काहीतरी बोलायला हवं, आणि ते ऐकू जाईल असं बोलायला हवं.

"पहिल्यांदा नाही," मी म्हटलं. "माझी आई मला चान्या अशाच भरून द्यायची, शाळेत न्यायला. पापुद्र्याखाली. बाहेरून नुसती भाकरी दिसावी म्हणून. मी शाळेच्या मागे जाऊन खायची."

शोभाबाई माझ्याकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "जय भीम, मावशी."

"जय भीम."

म्हातारे आत आले नाहीत की गेले नाहीत. "शोभाबाई, रोल बंद केला का?"

"न्हाई तात्या. चीज तीच हाय. नाव खरं लिहिलं."

"म्हंजी चार वरसं मी चान्याच खातोय म्हन की."

"व्हय."

तात्यांनी वेसण खांद्यावर टाकली, माझ्या ताटाकडे पाहिलं, शोभाबाईंकडे पाहिलं. मग माझ्याच बाकड्यावर, दुसऱ्या टोकाला बसले. "तिखट जास्त टाक. अन् ती पाटी वर लाव जरा. माझ्या उंचीच्या मानसाचं टकुरं लागतंय."

शोभाबाई पदराने तोंड पुसत हसल्या. मी भाकरी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि शेवटच्या घासापर्यंत काही सांडू दिलं नाही. धुराची चव, लसणाचा झटका आणि ज्वारीचा गोडवा. तुमच्या फोटोतल्या पावाला हा गोडवा असेल असं वाटत नाही.

निघताना मटण कसं कापायचं ते शोभाबाईंनी मला दाखवून दिलं: मांसाच्या रेषांच्या दिशेने, लांब, बोटाएवढं रुंद. परतीच्या बसमध्ये शेजारी कुणी नव्हतं, नाहीतर मी आपणहून सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत, रस्त्याच्या बाजूला दोरी बांधली. मीठ-हळद लावून टाकलेल्या मटणाच्या पट्ट्या उन्हात लालसर दिसू लागल्या. दुपारी समोरच्या गॅलरीतल्या वहिनींनी विचारलं, "बाई, काय वाळत घातलंय?"

"चान्या," मी म्हटलं.